जुना आणि नवा, शेजारी-शेजारी : रविवारच्या खेळांच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

नागपुरात त्रिमूर्ती नगरातली आमच्या कॉम्प्युटर क्लासची खोली रविवारी दुपारी रिकामी असते. तिथे एकाच गेमची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारच्या दोन मशीनवर लावायची. ज्यांनी जुनी खेळली आहे आणि ज्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना बोलवायचं. एकच प्रसंग दोन्हीकडे खेळायला द्यायचा आणि ते काय बोलतात ते उतरवून घ्यायचं. प्रकल्प एवढाच.

रीमास्टर (जुनाच गेम, चित्रं सुधारून), रीमेक (तोच गेम नव्याने बनवलेला), सीक्वेल (पुढचा भाग) यांवरची आपल्याकडची भांडणं नुसत्या आठवणीच्या जोरावर चालतात. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्याने जुना गेम पंधरा वर्षांत उघडलेला नसतो आणि 'ग्राफिक्स पाहा ना भाऊ' म्हणणाऱ्याने तो कधीच उघडलेला नसतो. दोघंही मनापासून बोलतात, पण तपासायला समोर काही नसतं. ते समोर ठेवलं तर मतं बदलतात का, हे मला बघायचं आहे. शिवाय नवा गेम घेताना पैसे मोजावे लागतात, आणि मराठीत वाचून ठरवता येईल असं फारसं काही हाताशी नाही.

सोबत दोघं आहेत. क्लासमध्ये हार्डवेअर शिकवणारा भाऊ, आणि सदरमध्ये बरीच वर्षं सायबर कॅफे चालवलेले काका. काकांनी एक चांगली सूचना केली: 'आवडला का' असं विचारायचंच नाही, लोक भलेपणाने हो म्हणतात. 'हात कुठे अडला' असं विचारायचं.

नवतपा सरत आलाय, तरी कूलरला दोनदा पाणी भरावं लागलं.

८ जून, रविवार

व्हाइस सिटी. जीटीए मालिकेतला २००२ चा गेम, पीसीवर २००३ मध्ये आला. शेजारी २०२१ ची 'डेफिनिटिव्ह एडिशन'. प्रसंग काकांनी निवडला: 'डिमॉलिशन मॅन'. रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर, बांधकाम चालू असलेली इमारत, चार बॉम्ब आणि वर घड्याळ. नागपुरातच काय, भारतभरातली पोरं इथे अडकली होती. काका म्हणाले, "माझ्या कॅफेत या एका मिशनसाठी पोरं तास वाढवून घ्यायची. मागं चार जण उभे राहून सांगायचे, अरे डावीकडं घे, डावीकडं!"

मनीष नगरहून आलेले बँकेतले एक गृहस्थ जुन्या मशीनवर बसले. त्यांची बोटं कीबोर्डवर अशी गेली जशी मधली वर्षं गेलीच नाहीत. तरी दोन बॉम्ब ठेवून हेलिकॉप्टर पडलं. मग पुन्हा त्या जागी जा, पुन्हा सुरू करा. नव्या मशीनवर अकरावीतली एक मुलगी होती. तीही हरली, पण तिथे लगेच पुन्हा खेळता येतं. ती म्हणाली, "ताई, हे बरं आहे. जुन्यात हरल्यापेक्षा परत जायचाच कंटाळा आला असता." बँकवाल्यांचं म्हणणं उलट. परत जाताना रेडिओ ऐकायचो, म्हणून तर गाणी पाठ झाली.

दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं. जुन्या गेमने त्रास दिला आणि त्या त्रासाच्या मधल्या वेळेत शहर ओळखीचं केलं. नव्याने त्रास कमी केला, त्याबरोबर तो मधला वेळही गेला.

ही नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यावर झालेली टीका सगळ्यांना आठवते. पाऊस म्हणजे पडद्यावर पांढऱ्या रेघा, समोरचा रस्ताही दिसेना. पात्रांचे चेहरे मेणाचे. जुनी चित्रं यंत्राकडून मोठी करून घेतल्यामुळे पाट्यांवरची अक्षरं चुकलेली. याच संचातल्या 'सॅन अँड्रिआस' या गेममध्ये तर धुकंच काढून टाकलं. ते धुकं जुन्या प्लेस्टेशनची मर्यादा झाकायला होतं, पण त्याच्यामुळेच नकाशा अफाट वाटायचा. धुकं गेल्यावर माउंट चिलियाडवरून सगळं राज्य एका नजरेत मावू लागलं, लांबचा प्रवास म्हणून जे जपलं होतं ते चार गल्ल्यांवर आलं. कंपनीने माफी मागितली, दुरुस्त्या केल्या आणि नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारख्या प्रकाशाचा पर्याय दिला. आज तो चालू करून दाखवला. २०२१ पासून या आवृत्तीला नावं ठेवणारे बँकवाले बराच वेळ समुद्रकिनाऱ्यावर गाडी फिरवत राहिले. म्हणाले, "आता बरोबर दिसून राहिलं. पहिलेच असं द्यायचं ना."

मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. नवी आवृत्ती यायच्या आधीच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, 'जीटीए ३', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रिआस' हे जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. ओरड झाल्यावर ते पीसीवाल्यांना काही काळ नव्यासोबत मिळाले, पण आज सरळ विकत घ्यायचं म्हटलं तर मिळत नाहीत. आमच्याकडे जुना आला तो हार्डवेअरवाल्या भावाने फार आधी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेऊन ठेवला होता म्हणून. त्या मुलीला उद्या जुना घ्यावासा वाटला तर तिने कुठे जायचं?

१० जून, मंगळवार

बँकवाल्यांचा फोन: घरी जाऊन आठवलं, जुन्यातही काही गाणी गायब होती, ती कुठे गेली? गाण्यांचे परवाने ठरावीक वर्षांचे असतात. मुदत संपली की विकणारा गाणी काढतो किंवा गेमच काढतो. जीटीए ४ मधून दहा वर्षं झाल्यावर, २०१८ मध्ये, बरीच गाणी अशीच गेली. म्हणजे स्टीमवरचा 'जुना'सुद्धा पूर्ण जुना नाही. पुढच्या प्रत्येक नोंदीत आवृत्ती नेमकी कोणती ते लिहायचं.

१५ जून, रविवार

एज ऑफ एम्पायर्स २. मूळ गेम १९९९, 'कॉन्करर्स' हा त्याचा विस्तार २०००, डेफिनिटिव्ह एडिशन नोव्हेंबर २०१९. आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे दोघं आले, दोघं शाळेपासूनचे मित्र. त्यातल्या एकाचे वडील उमरेडकडे शेती करतात, तेही मुलासोबत आले आणि शेवटपर्यंत थांबले.

सगळा वाद शेतावर झाला. १९९९ च्या गेममध्ये शेताचं धान्य संपलं की ते ओसाड पडतं, गावकरी उभा राहतो, आपण जाऊन पुन्हा शेत मांडायचं. 'कॉन्करर्स'मध्ये गिरणीवर आगाऊ लाकूड भरून ठेवायची सोय आली. २०१९ च्या आवृत्तीत एक बटण दाबून ठेवलं की लाकूड असेपर्यंत प्रश्नच नाही. "शेत आपोआप पेरल्या जाते, मग आपण काय करायचं?" असं एक मित्र म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, आपण लढाईकडे बघायचं, तेवढ्याचसाठी तर डोकं मोकळं पाहिजे. वडिलांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "जो रोज पाहतो त्याचंच शेत चांगलं राह्यते." मुलाने लगेच जुन्या मशीनकडे बोट दाखवलं.

खेळायला बसल्यावर मात्र दोघंही नव्याकडेच राहिले. कारण विचारल्यावर ग्राफिक्सचं नाव कुणीच काढलं नाही. एच दाबलं की टाउन सेंटर, पूर्णविराम दाबला की रिकामा बसलेला गावकरी. बोटांना जे माहीत होतं ते तसंच होतं. लोकसंख्येची मर्यादा २०० वरून ५०० पर्यंत नेता येते, पण ती हवी त्यालाच. मी याला चांगलं काम म्हणते: जुन्या खेळाडूच्या हाताला धक्का लावला नाही आणि नव्या माणसाची दमछाक कमी केली.

२०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारावर थोडं बोलणं झालं. आधी सगळा देश 'इंडियन्स' नावाच्या एका संस्कृतीत कोंबला होता. त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे भाग केले. आमच्या दोघांना ते मनापासून आवडलं. तेवीस वर्षांच्या गेममध्ये आपली माणसं नीट ओळखून घेतली जातात, ही साधी गोष्ट नाही.

आणि चौथा भाग? २०२१ मध्ये आला, देखणा आहे, त्यात दिल्ली सल्तनतही आहे. दोघांनीही घेतला, खेळला आणि परत दुसऱ्याकडे आले. स्टीमवरही दुसऱ्या भागाची गर्दी चौथ्यापेक्षा मोठी असते. चौथा वाईट म्हणून नव्हे. दुसऱ्यात अजून शिकायचं संपलेलं नाही, म्हणून.

२९ जून, रविवार

आज एक जोडी वेगळी: गेम एकच, पडदे दोन. डक हंट, १९८४ चा. नव्वदीत सीताबर्डीवर घेतलेला कॅसेटवाला टीव्ही गेम, बंदुकीसकट, एका काकूंनी माळ्यावरून काढून आणला. काकांनी त्यांचा डबा टीव्ही आणला. बाजूला क्लासमधला एलसीडी.

एलसीडीवर बंदूक आंधळी. एकही बदक पडलं नाही. डबा टीव्हीवर लावली आणि तिसऱ्या बदकापासून काकूंचा नेम लागायला लागला. नातू पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बंदूक लावत होता, तरी एलसीडीवर काही होईना, तेव्हा हार्डवेअरवाल्या भावाने त्याला आतली गंमत सांगितली. बंदुकीतून काही बाहेर जात नाही, उलट तिच्यात प्रकाश येतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन बघतो. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ येतात, कोणत्या क्षणी प्रकाश दिसला त्यावरून कोणतं पडलं ते कळतं. हे सगळं डबा टीव्हीतल्या काचेच्या नळीच्या वेगावर बेतलेलं आहे. एलसीडी चित्र दाखवायला जो उशीर करतो, तेवढ्यात गेमने वाट बघणं सोडलेलं असतं.

म्हणजे गेम जपला, कॅसेट जपली, बंदूकही जपली आणि टीव्ही भंगारात दिला, तर गेम गेलाच. २०१४ मध्ये निन्टेन्डोने वी यू या कन्सोलवर हा गेम परत आणला तेव्हा नेम धरायची पद्धत बदलून वी रिमोट द्यावा लागला. तेही चांगलंच केलं. पण काकूंनी ज्या तऱ्हेने एक डोळा मिटून हात ताठ केला, त्यासाठी हा डबाच लागतो. काकांना सांगितलंय, तो टीव्ही आता विकायचा नाही.

६ जुलै, रविवार

परवा युरोपातून बातमी आली. 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेवर ३ जुलैला दहा लाख सह्या पूर्ण झाल्या. मोहीम सुरू झाली ती 'द क्रू'मुळे. २०१४ चा गाड्यांचा गेम, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम कुणालाच उघडता येईना. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा.

आज इंजिनिअरिंगची पोरं बोलावली होती, विषय त्यांनीच निवडलेला: पबजी मोबाइल. आपल्याकडे २०१८ ला आला, २ सप्टेंबर २०२० ला बंदी, जुलै २०२१ ला बीजीएमआय हे त्याचं भारतासाठीचं रूप, २०२२ च्या जुलैत तोही दुकानांतून गेला, २०२३ च्या मेमध्ये परत. विशीतल्या मुलांना 'जुना गेम' म्हटल्यावर २०१८ आठवतं हे मला आधी नवल वाटलं, पण त्यांची ओढ अगदी बँकवाल्यांसारखीच आहे. "ताई, तेव्हा सगळेच नवशिके होते. कोणाकडं गाडी असली तरी आम्ही घाबरून गवतात पडून राहायचो." त्यांना आजचे रंगीबेरंगी पोशाख, यंत्रं, दर महिन्याचे उत्सव नकोत असं नाही. त्यांना एकदा, एका दुपारपुरतं, ते पहिलं एरँगेल, म्हणजे गेमचा तो पहिला नकाशा, पाहिजे.

ते देता येत नाही. नवा गेम एका फोनवर लावला. दुसऱ्या फोनवर लावायला काही नव्हतंच, तो टेबलावर बंद पडून राहिला. व्हाइस सिटीवाल्यांनी निदान भांडून दोन्ही पाहिले. या मुलांचं मत बरोबर की चूक हे तपासायची सोयच कुणी ठेवलेली नाही. लोक म्हणतात आठवण गोड करून सांगते. सांगत असेलही, पण ताडून बघायला मूळ गेम पाहिजे ना.

९ जुलै, बुधवार

वाचलेलं उतरवून ठेवते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. हा आकडा मी भिंतीवर लावणार आहे. रीमास्टर नकोत म्हणणाऱ्यांनी तोही बघावा, कारण बऱ्याच गेमना रीमास्टर हाच परतीचा रस्ता उरतो.

१३ जुलै, रविवार

काउंटर-स्ट्राइक १.६ आणि काउंटर-स्ट्राइक २, नकाशा अर्थातच डस्ट २. काकांच्या कॅफेतली जुनी टोळी आली, आता कुणाचं मेडिकल स्टोअर, कुणी महापालिकेत. १.६ हा २००३ चा, अजून विकत मिळतो आणि इंटरनेट नसलं तरी खोलीतल्या खोलीत लॅनवर चालतो. आज वीज दोनदा गेली, नेट तर बराच वेळ नव्हतं, आणि त्यांचा खेळ इन्व्हर्टरवर चालूच होता. नव्याला स्टीमचा दरवाजा ओलांडावा लागतो.

गंमत अशी की २०१२ चा ग्लोबल ऑफेन्सिव्ह, जो मधल्या पिढीचा लाडका, त्याच्याच जागेवर २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २ बसवला. सुरुवातीला त्यात खेळायचे काही जुने प्रकारही (मोड) नव्हते. मेडिकलवाले म्हणाले, "आमचा आजोबा जिवंत आहे, बाप घरातून काढला." नवा चांगला आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. धूर तर फारच छान, गोळी त्यातून जाते तिथे वाट होते.

२० जुलै, रविवार

पाऊस. तिघंच आले. स्टारक्राफ्ट लावला. मूळ १९९८ चा गेम २०१७ मध्ये फुकट केला, त्याच वर्षी रीमास्टर काढला, आणि त्यात एफ ५ दाबलं की त्याच क्षणी जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. आमच्या दोन मशीनचं काम एका बटणात. त्याच कंपनीने २०२० च्या जानेवारीत वॉरक्राफ्ट ३ ची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती काढताना मूळ गेमच त्याने झाकून टाकला. दोन्ही निर्णय एकाच घरातले, तीनच वर्षांच्या अंतराने, आणि खेळाडूंनी पहिल्याला जीव लावला तर दुसऱ्याचे पैसे परत मागितले.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी झाली, त्यामुळे आज बहीण-भावांच्या जोड्या. ईए क्रिकेट ०७. नोव्हेंबर २००६ चा, आणि त्यानंतर ईएने क्रिकेटचा गेम काढलाच नाही. शेजारी २०२३ चा क्रिकेट २४.

खोलीत आजवरची सगळ्यात जास्त गर्दी. मानेवाड्याहून आलेल्या भावाच्या लॅपटॉपवरचा ०७ मूळ राहिलेलाच नव्हता. संघ, जर्सी, बॅट, मैदानं, सगळं चाहत्यांनी बनवलेल्या पॅचनी बदललेलं. आयपीएल २००८ ला सुरू झाली, ०७ मध्ये ती असणं शक्यच नव्हतं, तरी त्याच्याकडे ताजा हंगाम आहे. त्याच्या बहिणीचा आग्रह जामठ्याच्या मैदानाचा. तिथे पहिली कसोटी नोव्हेंबर २००८ ची, म्हणजे गेमनंतर दोन वर्षांनी.

क्रिकेट २४ मध्ये चेंडू, पाय, बॅट यांचा हिशोब कितीतरी बारीक आहे. ०७ मध्ये वेळ साधली की चेंडू सीमेपार, फार विचार नाही. तरी पाच षटकांचा सामना लावायचा म्हटला की सगळे ०७ कडे. बहिणीने सांगितलेलं कारण मला सगळ्यात पटलं: "माझा भाऊ शिकवत नाही, चिडवतो. नव्या गेममध्ये मला कोणी शिकवलंच नसतं. याच्यात मी दहा मिनिटांत त्याला हरवलं." आणि रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन. बेनॉ २०१५ मध्ये गेले. त्यांचा आवाज कोणत्याही पॅचने बदललेला नाही, पोरांनी मुद्दाम ठेवलाय.

सीक्वेल आला नाही म्हणून चाहत्यांनी स्वतःच दरवर्षी तो काढला, फुकट, झोप मोडून. या कामाला मी रीमास्टर म्हणणाऱ्यांमध्ये आहे आणि ते कंपन्यांच्या कामाच्या खालचं मानत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रिन्स ऑफ पर्शिया. १९८९ चा मूळ गेम: जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि चौकटीमागून चौकट उतरवली. म्हणून ती उडी आजही माणसाची वाटते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि त्यांतला मूळ कोड जगासाठी खुला झाला.

'सँड्स ऑफ टाइम' (२००३) चा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. आमच्या क्लासमधल्या अॅनिमेशन शिकणाऱ्या दोन मुलींना हे पाठ आहे. ट्रेलरवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं, मग २०२६ चं बोलू लागले. त्या ट्रेलरला हसणाऱ्यांत मराठी मुलंही खूप होती. टीका करायलाच हवी, चेहरे कच्चे होते. पण २००३ चा गेम आज खेळताना वेळ मागे फिरवायची कट्यार हातात येते तेव्हा कळतं, तिचा तोल पुन्हा जमवणं किती अवघड काम आहे. मुलींनी आज ती उडी वहीत चौकटी पाडून काढून बघितली. त्यातली एक म्हणाली, "जमते, पण वजन नाही येऊन राहिलं." पुढच्या आठवड्यात त्या परत काढणार आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

काल मारबतीची मिरवणूक, त्यामुळे इतवारी-महालकडचे दमलेले, कुणी आलं नाही. बसून पहिला कागद तयार केला, सोमवारी क्लासच्या फलकावर लावायचा. एज २: नवी घ्या, बिनधास्त. व्हाइस सिटी: नवी घ्या, जुना प्रकाश चालू करा, ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांनी खातं सांभाळा. काउंटर-स्ट्राइक: घरी नेट बरं नसेल तर १.६. क्रिकेट: दोघांत खेळायचं असेल तर ०७, एकट्याने मुरायचं असेल तर २४. पबजीच्या ओळीत जुन्यापुढे 'उपलब्ध नाही' एवढंच लिहिलं.

पुढची मागणी आलीच आहे. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, २००५ चा आणि त्याच नावाचा २०१२ चा. २००५ चा ऑनलाइन विकत मिळत नाही, पण मेडिकलवाल्यांकडे मूळ डिस्क आहे. त्या काळच्या पुष्कळ डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे आणि विंडोज १० ते उघडत नाही. काकांच्या गोदामात एक्सपीचं एक मशीन आहे, डीव्हीडी ड्राइव्हसकट. हार्डवेअरवाला भाऊ गुरुवारी ते आणायला सदरला जाणार आहे.